दोघांचं एकमत

टोपी डोक्यावर चढण्याआधी खानोलकर मनातल्या मनात 'स्वित्झर्लंड, स्वित्झर्लंड' घोकत होते. सहलीहून परतलेल्यांच्या तक्रारींना विटून आता एकही सहल कंपनी या टोपीने गिऱ्हाइकाचा मेंदू वाचल्याशिवाय बुकिंग घेत नव्हती.

"काका, घोकू नका, टोपीला कळतं," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"यांनाच हौस हो बर्फाची," नीलिमाताई म्हणाल्या. "मी आपली यांच्यासाठी जाते."

"माझ्यासाठी?" खानोलकर म्हणाले, तेवढ्यात टोपी चढली आणि पडद्यावर चित्र उमटलं. त्यांचाच दिवाणखाना होता. सोफ्यावर ते बनियनवर आडवे पडले होते, छातीवर चिवड्याचा डबा होता आणि घरात दुसरं चिटपाखरू नव्हतं.

खानोलकरांनी घाईघाईने टोपी उतरवली. सव्वीस वर्षांचा संसार आता या काउंटरवरच मोडणार, असं त्यांना वाटलं.

नीलिमाताईंनी मात्र तीच टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली. पडद्यावर तोच दिवाणखाना आला, तोच सोफा आला. त्यावर पाय पसरून नीलिमाताई एकट्याच चहा पीत होत्या.

"अय्या, दोघांचं एकमत!" मुलगी कौतुकाने म्हणाली. "फक्त तिथे जागा एकाचीच दिसतेय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सोफा माझ्या माहेरचा आहे," नीलिमाताई म्हणाल्या.

महिन्याभराने खानोलकर एकटेच आल्प्सच्या घाटात बसमध्ये कुडकुडत श्रीखंड-पुरी खात होते. मागेपुढे पाहिलं तर सगळी बस नवऱ्यांनीच भरलेली.

शेजारच्या गृहस्थांनी पुरी पुढे केली आणि हळूच विचारलं, "तुमचाही सोफा माहेरचाच का?"