अजून एकदा

काचेच्या पलीकडे एक यंत्र, एक स्टूल आणि आई. अलीकडे एक मायक्रोफोन आणि दोन मुली: मोठी खुर्चीत, धाकटी तिच्या पाठीशी पर्स कवटाळून उभी. दहा सेकंदांत निघालेली दीडशे एक्स-रे चित्रं स्क्रीनवर सलग पळाली, आणि आईची फुफ्फुसं हलताना दिसली.

फुफ्फुसांखालचा पडदा श्वासाबरोबर किती सरकतो, ते मोजायचं होतं. तीन सेंटीमीटर भरले तरच शस्त्रक्रिया करू, असं सर्जन म्हणाले होते. भरले १.९.

"आई, तू श्वास घेतलाच नाहीस नीट."

"घेतला की! आता काय सगळ्या खोलीतला घेऊ?"

धाकटी फिसकन हसली. ते ऐकून आईही हसली आणि खोकत राहिली.

मोठीला ते झोंबलं. नऊ वर्षं याच मायक्रोफोनवरून 'भरा, भरा, अजून भरा' म्हणत तिने भल्याभल्यांच्या छात्या फुगवल्या होत्या. आणि सख्खी आई तिच्यासाठी अर्ध्यावर थांबते! नवल तरी काय? आईची औषधं, पथ्यं, खोकल्याच्या उबळी हिच्या वाट्याला, आणि आईचा जीव त्या पाहुणीत. आज सकाळी मोठीने केलेला चहा आईने तसाच अर्धा ठेवला होता. धाकटी गाडीतून उतरली तेव्हा तोच गरम करून घेतला आणि तिच्याबरोबर संपवला. वर म्हणाली, "आज चहा छान झालाय."

तपासणी अजून एकदाच करता येणार होती. मोठीने मायक्रोफोनची मान मागे वळवली.

"ये. तू सांग तिला."

"मी? ताई, मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचंय काय? तुझ्यासाठी घेईल ती."

धाकटीने पर्स खाली ठेवली. मग वाकली. "आई, मी बोलतेय. घे, मोठ्ठा घे. अजून. अजून थोडा, माझी गुणाची आई ती..."

आईचे खांदे वर चढले. मानेच्या शिरा ताठल्या. मोठी स्क्रीनला जवळजवळ नाक लावून बसली होती. घे ग, ती ओठातल्या ओठात म्हणत होती, तिच्यासाठी घे. मी काही म्हणणार नाही.

यंत्र थांबलं.

"या वेळी जमलं ना ग?" आईने विचारलं. कोणाला, ते कळलं नाही.

मोठीने चित्रावर एक रेघ ओढली, पडदा सर्वांत वर होता तिथे. दुसरी, सर्वांत खाली होता तिथे. दोन्ही पुसल्या, तळहात कोरडा केला आणि पुन्हा ओढल्या.

१.९.