लंगड्याचा हात

शत्रूने सकाळी ध्यानीमनी नसताना हल्ला चढवला आणि नकाशाच्या खोलीत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. टिपकागद तेवढा मनातून खूश होता.

हे त्याचं टोपणनाव. शत्रूच्या बिनतारी यंत्रांची टिकटिक तो कानांनी टिपून घ्यायचा. माणूस चालीवरून ओळखावा तसा पलीकडचा बिनतारीवाला तो बोटांवरून ओळखायचा. त्यांतला एक शेवटचा ठोका फरफटत न्यायचा, म्हणून तो लंगड्या. जिथे लंगड्या, तिथे त्यांचा बडा सेनानी आणि तिथेच खरा घाव, हे टिपकागदाचं पक्कं गणित.

गेल्या वर्षी लंगड्या नदीच्या वळणावर वाजला होता. टिपकागदाने लगेच लिहून दिलं: वळणावर कुमक पाठवा. तिसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ त्याच वळणावर तुकडीसकट कापला गेला. कुठली तुकडी कुठे असते हे घरच्यांनाच काय, बिनतारी ऐकणाऱ्यांनाही सांगत नसत. भाऊ तिथे होता हे कळलं ते असं.

सेनापती स्वतः घरी आले. आईसमोर मान खाली घालून म्हणाले, तुमच्या थोरल्याने कळवलं होतं, कागद माझ्याकडून वाचायचा राहिला. आईने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

तेव्हापासून सेनापती त्याचा प्रत्येक कागद वाचत आणि नेमकं उलटं करत. आपली चूक ज्याला ठाऊक, तो डोळ्यांत खुपायचाच, असं टिपकागदाने ताडलं आणि दात धरून वाट पाहत बसला.

आज लंगड्या पूर्वेच्या खिंडीत वाजत होता. पश्चिमेच्या पुलापलीकडे सगळं चिडीचूप. टिपकागदाने खरं तेच लिहिलं, वेळ घातली, सही ठोकली. खऱ्यानेच गळा कापता येत असेल तर खोटं बोलण्याचं पाप कशाला?

"खात्री आहे?" सेनापतींनी विचारलं.

"लंगड्याच आहे, साहेब."

पूर्वी तो तासभर हुज्जत घालायचा. आज गप्प राहिला. खिंडीत आपली चाळीस पोरं होती, त्यांनाही आया असतील, असा विचार आला. तो त्याने माशीसारखा झटकला. सेनापतींनी राखीव फौज झाडून सगळी पुलाकडे सोडली. बुडालास म्हाताऱ्या, टिपकागद मनात म्हणाला. आता चौकशी, मग खांद्यावरचे तारे जमिनीवर.

दुपारी फोन आला. शत्रूचं अख्खं सैन्य पुलावरच उतरलं होतं, राखीव फौजेच्या तोंडी सापडलं आणि शेपूट घालून पळालं. खिंडीतल्या चाळीस जणांना मिळालं काय, तर एक यंत्र, दोन खेचरं आणि खुद्द लंगड्या. खोलीत हशा पिकला. कुणीतरी टिपकागदाच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, तुमचे पाहुणे आलेत, जेवायला थांबवू का?

तो तडक सेनापतींच्या खोलीत घुसला.

"आज माझं न ऐकून जिंकलात, साहेब. पण त्या दिवशी ऐकलं असतंत तर माझा भाऊ जगला असता. त्याचा जाब द्या."

सेनापतींनी चष्मा काढला, दार लावून घ्यायला सांगितलं. पुढे जे बोलू ते आईच्या कानावर जाणार नाही, असं वचन मागून घेतलं.

"तुझ्या भावाची तुकडी वळणावर नव्हतीच रे," ते म्हणाले. "लंगड्या तेव्हाही आमिषच होता. तुझा कागद वाचला आणि कुमक म्हणून मीच ती तिथे पाठवली."