चित्राहुती

काळी दगडी ताटली. त्यात सुपारीएवढा आंबेमोहोर भात. वरणाचा फेस. चिमट्याने ठेवलेलं एक फूल. घामाघूम झालेला निनाद.

शहरातलं सगळ्यात महागडं हॉटेल त्याने मुद्दाम निवडलं होतं. समोर रेवतीचे बाबा बसले होते आणि लग्नाला त्यांचा होकार अजून यायचा होता.

बाबांनी ताटलीभोवती पाणी फिरवलं. डोळे मिटून, पुटपुटत भाताच्या चित्राहुती घातल्या. डोळे उघडले, तेव्हा ताटलीत फक्त फूल उरलं होतं.

शेफ लगबगीने आले आणि टेबलावरच्या शितांकडे बघतच राहिले. "वा, काय मांडणी! फोटो काढू?"

"काढा की. देवाचं झालं, आता माणसांना कधी वाढताय?"

"सर, हाच मेन कोर्स होता."

निनादने मान खाली घातली. तेवढ्यात त्याचंच पोट मोठ्याने गुरगुरलं. बाबा संध्याकाळपासून पहिल्यांदा हसले आणि त्यांनी खुर्चीखालची पिशवी उचलली.

"उठा जावईबापू. निघताना हिने बळेच थालीपीठं दिलीत. खाली बाकावर बसू."

रेवतीची आई मागच्या महिन्यात भिशीच्या मैत्रिणींबरोबर याच हॉटेलात जेवली होती.