लांडग्यांची बाई

"अण्णाराव तुम्हीच का?" बाईनं फाटकातूनच विचारलं.

अण्णारावांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पन्नाशीकडं झुकलेली, खांद्याला पिशवी, उन्हासाठी डोक्याला रुमाल. सोबत कुणी नाही. या वयात एकटी गावोगाव हिंडते म्हणजे घरी हिला कुणी विचारत नसणार, असं त्यांनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

"मीच. या. वाटच बघत होतो तुमची."

"मी आपली सहजच इकडं..."

"सहज कोण येतंय ह्या गावात? नाव-गाव राहू द्या. माहीत हाय मला सगळं. लांडग्यांपायी आलात. बसा."

बाई क्षणभर घुटमळली. मग बाजेच्या कडेला टेकली.

गावात गेल्या ग्रामसभेपासून दोन तट पडले होते. कैक वर्षांनी माळावर लांडगे परत दिसू लागले होते. सरपंच महामायाबाई म्हणत होत्या, राहू द्या त्यांना, ते आल्यापासून रानडुकरं सोयाबीनला तोंड लावेनाशी झालीत. अण्णाराव म्हणत होते, वनखात्यानं ते धरून न्यावेत. खरं कारण त्यांनी सभेत काढलं नव्हतं. माळाची कड दरसाल थोडी थोडी नांगरून त्यांनी आपल्या रानाला जोडली होती. लांडग्यांसाठी माळ राखायचा ठरला की मोजणी आलीच. शेवटी लातूरहून कुणी जाणकार बाई येईल, घरोघर विचारून बघेल, असं ठरलं.

"लांडग्यांसाठी बाई!" अण्णाराव तेव्हाच पचकन थुंकले होते. सरपंचीण तसलीच आणि तिनं बोलावलेली ही लांडग्यांची बाईही तसलीच. असल्यांना काय वाटेल ते ऐकवावं, तोंड वासून ऐकतात.

साखराबाई आणि मुलगा दयानंद कंधारच्या बाजारला गेले होते, ते एका परीनं बरंच झालं. बायकोला खरं बोलायची वाईट खोड होती. चहाचं अण्णारावांनी विचारलं नाही. लांडग्यांच्या बाईला कशाला चहा?

"एवढा त्रास आहे लांडग्यांचा?" बाईनं विचारलं.

"तरास? ह्या घरात माणूस राहावं असं राहिलंच न्हाई, बाई. दिस कलला की कडी लावून घेतो. दाव्याचं वासरू वढून नेलं."

वासरू लंपीच्या रोगानं मेलं होतं.

"आणि पाणी? अंगणात नळ दिसतोय."

"नावाला हाय. बायांना माळ तुडवून हिरीवर जावं लागतंय, पहाटंच्या अंधारात."

नळाला सकाळीच धो धो पाणी येऊन गेलं होतं. बाईनं नळाखालच्या ओल्या फरशीकडं पाहिलं न पाहिलंसं केलं आणि विचारलं, "म्हणजे उद्या सून आली तरी तिलाही जावं लागणार?"

काय पण प्रश्न! अण्णारावांना हसू आलं. हिला पगार कोण देतं?

"मग दुसरं कोण जाणार? आमची म्हातारी किती दिस वढणार? सुनंला जावंच लागंल."

"मुलगा काय करतो तुमचा?"

दयानंद पहाटे उठून रान बघायचा, गावात कुणाचीही मोटर बिघडली तर दुरुस्त करून द्यायचा. अण्णारावांनी मोठा उसासा टाकला.

"काय करणार? भेदरून घरात बसतो. रानात पाऊल टाकत न्हाई. झोपंतून वरडत उठतो. आता तर दोन घोट घेतल्याबगर डोळा लागत न्हाई त्याचा. तेहतिशी आली, लग्न जमत न्हाई. ते बी लांडग्यांपायीच."

ही दोन घोटांची गोष्ट ऐन वेळी सुचली होती. अण्णाराव स्वतःवरच खूष झाले.

बाईनं डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. मग उठून तिनं हात जोडले.

"बरं झालं, तुम्ही एवढं मोकळेपणानं सांगितलंत."

"वर बी असंच सांगा."

"शब्द न् शब्द सांगते," ती म्हणाली आणि मागं न बघता निघून गेली.

दुपारी साखराबाई आणि दयानंद परतले. अण्णारावांनी सगळा किस्सा रंगवून सांगितला. बाईच्या बसण्याची, मान हलवण्याची नक्कल केली.

"मला दारुडा केलात, अण्णा?" दयानंद म्हणाला.

"लांडगे हाकलायला केलं रे. त्या येडीला काय कळतंय?"

 दयानंदनं पिशवीतून नवा सदरा काढला, घडी मोडू न देता बाजेवर ठेवला. साखराबाईंनी सोनेरी काठाचे कप एकेक करून पुसले. रविवारी निलंग्याचे पाहुणे यायचे होते. शेतकरी मुलगा म्हटल्यावर आजवर सगळ्यांनी दारातूनच नाही म्हटलं होतं. घर बघायला येतो म्हणणारे हे पहिलेच. साखराबाईंचा भाऊ मारोती मध्यस्थ होता.

"जेवणाला शिरा करू का पुरणाची पोळी?" त्या विचारत होत्या, तेवढ्यात मारोतीचाच फोन आला. अण्णारावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"बोला मारोतराव! सगळी तयारी झाली बघा. कप बी नवे आणलेत."

मारोतीनं त्यांना तिथंच तोडलं.

"दाजी, काय बोलून बसलात हो? कंधारला आलेच हाय तर घर बघून घ्यावं म्हणून पोरीची आई सकाळी एकटीच तुमच्याकडं येऊन गेली."