शेडमधली ओ

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या त्या घराच्या मागच्या शेडमध्ये इन्फ्रारेड सॉना, म्हणजे लाल दिव्यांच्या उष्णतेने घाम काढणारी छोटी खोली होती, आणि बाहेर कुणी नसताना सुनेने त्यात बसायचं नाही असा सासूबाईंचा नियम होता. अंगावरचा धातू तापतो, म्हणून कस्तुरी मंगळसूत्र काढून त्यांच्या हातात द्यायची. त्या सॉनाच्या काचेच्या दाराबाहेर, शेडमध्येच खुर्चीवर विणत बसायच्या आणि अधूनमधून हाक मारायच्या. हाकेमागे ओ यायची, जशी ओवीमागे ओवी, आणि सुया पुन्हा चालू लागायच्या.

त्या दुपारी सासूबाईंचा डोळा लागला. कस्तुरीला गरगरलं, तशी ती हळूच बाहेर पडली आणि किचनमध्ये जाऊन पाणी प्यायली.

परतताना तिला हाक ऐकू आली. "कस्तुरी, बरी आहेस ना गं?"

ती उत्तर देणार तोच सॉनातून ओ आली. "बरी आहे, आई. तुमचे पाय दुखतायत ना, नंतर चेपून देते."

आवाज तिचाच होता. फक्त इतक्या मायेने ती सासूशी कधी बोलली नव्हती.

"आज जिभेला मध लावलाय की काय," सासूबाई हसल्या.

कस्तुरी शेडच्या दारात आली. काचेपलीकडच्या लाल उजेडात कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

"आई, मी इथे आहे."

सासूबाईंनी तिला चष्म्यावरून न्याहाळलं. तिने मंगळसूत्रासाठी हात पुढे केला, तशी त्यांनी मूठ मिटली.

"हे माझ्या सुनेचं आहे."

आतून लाडिक आवाज आला, "आई, शेडचं दार लावून घ्या ना. गारठा आत येतोय."

सासूबाई लगबगीने उठल्या.