शेवटच्या दिवशीची रांग

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी फुकट होती, फक्त घरून शौचाचा नमुना आणून द्यायचा. त्यासाठीच्या डब्या घेऊन नर्स असलेली सून दवाखान्याच्या दारात टेबल मांडून बसली होती. आठवडाभर लोक तोंड फिरवून जात होते. घरी सासऱ्यांना विचारायला तर तिचीच जीभ रेटली नव्हती.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी रस्त्यावर एकच गलका झाला. सासरे सकाळी फिरायला जाणारं आपलं अख्खं टोळकं हाकत आणत होते. "चला रे, लाजताय काय? पोट काय मला एकट्यालाच आहे?" हसत-खिदळत म्हातारे टेबलाला भिडले. बघता बघता डब्या संपत आल्या, एकच उरली. सुनेला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं.

"बाबा, कमाल केलीत! ही शेवटची तुमची."

सासरे तिच्या कानाशी वाकले. "मला डबी नको पोरी, डॉक्टरांकडे ने. महिनाभर शौचातून रक्त जातंय. एकट्याने यायचा धीर होईना, म्हणून ही वरात काढली."