पान अकराशे बारा

जुन्या निकालाचा दाखला देताना पक्षकारांची नावं कोण घेत बसतंय? वर्ष, खंड, पान ठणकावलं की झालं. प्रियदर्शनी वकिलीणबाईंनीही ठणकावलं, "पान अकराशे बारा!" खाली बसून पुस्तक उघडलं, तर खंड नऊशे पानांतच संपलेला.

समोरचे आगाशे वकील, पुण्याच्या कोर्टांत तीस वर्षं मुरलेले, सावकाश उठले. आता अब्रू जाणार, म्हणून बाईंनी मान खाली घातली.

"साहेब, बाईंनी सांगितलेला निकाल मी वाचलाय," आगाशे म्हणाले. "पण तो पुढे वरच्या कोर्टानं फिरवला."

न्यायाधीशांनी मान वरही केली नाही.

"दोन्ही निकाल मला तोंडपाठ आहेत. नवीन काही असेल तर सांगा."